कोट बांधायच्या गेमच्या नोंदी (जून ते ऑक्टोबर २०२५)

१ जून, रविवार

आजपासून सगळं लिहून ठेवतोय, कारण याआधी दोनदा हा गेम सुरू केला आणि दोन्ही वेळा कुठली गोष्ट का बदलली तेच महिन्याभराने आठवेना. सांगायला गेम साधा आहे, तेराव्या शतकातलं युरोपातलं एक खोरं, त्यात नदीकाठचं एक टेकाड, तुम्ही तिथले सरदार, कोट बांधायचा, गाव वसवायचं, पीक काढायचं आणि कोणी चालून आलं तर तग धरायचा. इंजिन, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो ते, गोडॉट ४. कोड माझा, चित्रं कॉलेजच्या मित्राची, तो कोपरखैरण्याला राहतो म्हणून शनिवारी रात्री कॉलवर बोलतो. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला घरी आलो, जेवण झालं की रात्री दहा ते बारा आणि रविवार, एवढाच माझा वेळ.

का करतोय ते एकदाच लिहितो. स्ट्राँगहोल्ड २००१ ला आला, मी तो नंतर दोनेक वर्षांनी नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत पाहिला आणि त्यातली लढाई नाही, पाव आवडला होता. शेतातला गहू एक माणूस उचलतो, गिरणीत नेतो, तिथून पीठ बेकरीत जातं, पाव कोठारात येतो, आणि मधला एक जरी माणूस कमी पडला तर सगळी साखळी अडते, हे डोळ्यांनी दिसायचं. एज ऑफ एम्पायर्स २ पण खूप खेळलो, त्यात ६५० दगड दिले आणि गावकरी कामाला लावले की कासल उभा, तो लढाईचा गेम आहे त्यामुळे तिथे ते बरोबरच आहे. मला मात्र भिंत चढताना बघायची आहे.

सध्याची स्थिती: ९६ बाय ९६ चौकोनांचा नकाशा, कॅमेरा फिरतो, झाडं तुटतात, भिंतीवर क्लिक केलं की भिंत येते.

८ जून, रविवार

भिंती एकमेकींना जुळायला लागल्या. चार बाजूंना शेजारी आहे की नाही एवढंच बघायचं, त्याचे १६ प्रकार होतात, प्रत्येकाला एक मॉडेल. कोपरे आणि तीन तोंडी जोड नीट आले. दरवाजा अजून हवेत.

१५ जून, रविवार

आज बाबा मागे येऊन बसले. बाबांनी तीस वर्षं नव्या मुंबईत साइट सुपरवायझर म्हणून काढली, वाशी, नेरूळ, नंतर खारघर, त्यामुळे भिंत म्हटलं की ते बघणारच. मी त्यांना अख्खा तट दहा सेकंदात काढून दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, पण गवंडी कुठेयत? पहाड बांधलेला दिसत नाही. आणि पाणी कोण मारतंय?" पहाड म्हणजे भिंतीलगत उभं राहून काम करायची परांची, आणि बटवडा म्हणजे आठवड्याचा पगार वाटणं.

मी म्हटलं, "बाबा, तेव्हा सिमेंट नव्हतं, चुना होता." तर म्हणाले, "मग तर अजून उशीर. चुना काय आज लावला आणि उद्या धरला असं होत नाही. आणि शनिवारी बटवडा कोण करतंय ते सांग आधी. बटवडा चुकला ना, की सोमवारी साइटवर चिटपाखरू नसतं, तुझी भिंत राहिली तिथेच."

हे डोक्यात राहिलं म्हणून जेवल्यावर वाचत बसलो आणि ब्यूमॅरिस सापडलं. वेल्समध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने एकामागोमाग एक कोट बांधले, कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक, आणि १२९५ मध्ये अँगलसी बेटावर ब्यूमॅरिस सुरू केला. कामावरचा मुख्य माणूस जेम्स ऑफ सेंट जॉर्ज, मूळचा आल्प्समधल्या साव्हॉयकडचा. त्याने फेब्रुवारी १२९६ मध्ये राजाच्या खजिन्याला पाठवलेलं पत्र टिकलंय आणि त्यात आकडे आहेत: ४०० गवंडी आणि पाथरवट, २,००० बिगारी, खाणीवर २०० माणसं, ३० लोहार, शिवाय सुतार, दगड आणि कोळसा आणायला १०० गाड्या, ६० मोठ्या गाड्या आणि ३० बोटी. आठवड्याला २५० पौंड लागतायत असं तो कळवतो. आणि पुढे जे लिहिलंय ते वाचून मी उठून बाबांना जागं केलं, कारण तो म्हणतो की माणसांचा पगार थकलाय, त्यांच्याकडे जगायला काही नाही, त्यांना धरून ठेवणं फार कठीण झालंय.

सातशे वर्षांपूर्वीचा साइट इनचार्ज हेड ऑफिसला बटवड्याचे पैसे मागतोय. बाबा अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "मग? पैसे आले का?" नाही आले पुरेसे. एडवर्डचा पैसा स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला, त्यात आधीच्या कोटांना ज्यांनी कर्ज पुरवलं होतं त्या लुक्का शहरातल्या रिकार्डी सावकारांशी १२९४ मध्येच त्याचं फाटलं होतं. ब्यूमॅरिस आजही अपुराच आहे, बुरूज पूर्ण उंचीला कधी गेलेच नाहीत.

गेमचं मध्य सापडलं असं वाटतंय. भिंतीची किंमत दगडात मोजायची नाही, माणसांच्या आठवड्यांत मोजायची.

१६ जून, सोमवार

भिंत टाकायचा जुना कोड काढून टाकला. सगळा. कोडची नवी ब्रँच (वेगळी प्रत), नाव "बटवडा".

२९ जून, रविवार

आता तटाचा एक चौकोन म्हणजे सहा टप्पे: पाया खोदणे, पाया भरणे, पहाड बांधणे, थर लावणे, चुना धरणे, पहाड उतरवणे. प्रत्येक टप्प्याला वेगळी माणसं. खोदायला बिगारी चालतो, थराला गवंडीच लागतो, आणि एका गवंड्यामागे किमान दोन बिगारी घमेली पोचवायला हवेत, नाहीतर गवंडी नुसता बसून राहतो आणि त्याची हजेरी मात्र लागते. हे प्रमाण बाबांचं, मी फक्त आकडा टाकला आणि चालवून बघितलं तर खरंच एकाला एक ठेवलं की भिंत रखडते.

मस्टरचं, म्हणजे हजेरीचं, पान केलं. डाव्या बाजूला माणसं, उजवीकडे आठवड्याचे सहा दिवस, हजर, खाडा, आजारी. शनिवारी संध्याकाळी पान आपोआप उघडतं आणि खाली एकूण रक्कम येते. पैसे असले तर वाटा, नसले तर अर्धे द्या किंवा पुढच्या आठवड्यावर ढकला. एक आठवडा ढकललं तर लोक कुरकुरतात, दुसऱ्या आठवड्यात खाडे वाढतात, तिसऱ्यात आधी चांगले गवंडी जातात कारण त्यांना दुसरीकडे काम मिळतं, बिगारी सगळ्यात शेवटी जातो. हा क्रम मला कुठे वाचायला मिळाला नाही, तो बाबांनी सांगितला.

६ जुलै, रविवार

ऋतू. इंग्लंड-वेल्सकडे बांधकामाचा मोसम साधारण वसंतापासून शरदापर्यंत, थंडीत ओल्या चुन्यात पाणी गोठलं की सांधा फुटतो, म्हणून अर्धवट भिंतीचा माथा पेंढा आणि शेणखताने झाकून ठेवायचे आणि वसंतात परत सुरू. आपल्याकडे पावसाळ्यात साइटवर ताडपत्री घालतात तसंच. गेममध्ये आता हिमाच्या आधी पेंढा जमवावा लागतो, आणि तोच पेंढा गुरांना पण लागतो, म्हणजे भिंत झाकू की बैल जगवू असा प्रश्न आपोआप उभा राहिला, मी तो मुद्दाम घातला नव्हता. असे प्रश्न आपोआप आले की समजायचं खालचं गणित बरोबर बसतंय.

चुन्यासाठी भट्टी केली, चुनखडी आणि जळण दोन्ही लागतं. चुना मळायच्या घाणीचं मॉडेल मित्राने आधी आपल्या गडांवर दिसते तसं केलं, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, पण या खोऱ्यात ते बसणार नाही म्हणून बाजूला ठेवलं. तिथे खड्ड्यात चुना विझवतात आणि फावड्याने वाळूत कालवतात, तेच घेतलं.

१३ जुलै, रविवार

३०० माणसं झाली की गेम सेकंदाला १७ फ्रेमवर येत होता, म्हणजे अडखळत चालायचा. कारण सरळ होतं, प्रत्येक माणूस आपला आपला रस्ता शोधत होता आणि भिंतीचा एक चौकोन बदलला की तीनशेच्या तीनशे परत शोधायला बसायचे. आता उलटं केलंय. कोठारापासून सुरुवात करून सगळ्या ९,२१६ चौकोनांत पाणी सोडल्यासारखं अंतर भरत जायचं आणि प्रत्येक चौकोनात एक बाण ठेवायचा की इथून कोठार या दिशेला. माणसाने नकाशा बघायचाच नाही, पायाखालचा बाण बघायचा आणि चालायचं. संध्याकाळी सहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर जसं असतं, दहा नंबरला जायचंय तर कोणी विचार करत नाही, गर्दी ज्या बाजूला वळते तिकडे पाय वळतात. कोठार, खाण, भट्टी, विहीर, गिरणी अशा नऊ ठिकाणांचे नऊ तक्ते, भिंत बदलली तर तेवढेच परत भरायचे आणि ते पण एका फ्रेमला एक. आता ५८ ते ६० मिळतायत.

फक्त एक राहिलं. अरुंद दरवाजात सगळ्यांचा बाण एकाच चौकोनाकडे असतो म्हणून तिथे चेंगराचेंगरी होते. ते मी तसंच ठेवणारे, फक्त माणसं एकमेकांच्या अंगातून जाणार नाहीत एवढं बघितलं, दरवाजा अरुंद ठेवला तर गाड्या अडणारच.

२० जुलै, रविवार

बग: पहाड उतरवला की वर असलेले गवंडी हवेतच उभे राहायचे. दुरुस्त. यातून एक चांगली गोष्ट मिळाली, पहाडाचे वासे भिंतीतच खोचलेले असायचे आणि काम झाल्यावर भोकं तशीच राहायची, वेल्सच्या त्या कोटांच्या बुरुजांवर ही भोकं सरळ रेषेत नसून तिरकी चढत गेलेली दिसतात, म्हणजे पहाडच बुरुजाभोवती उताराच्या रस्त्यासारखा गोल चढवलेला होता आणि दगड वर न्यायला तोच वापरायचे. मित्राला फोटो पाठवले, त्याने दोन दिवसांत भोकं असलेला बुरूज करून दिला. फार सुंदर झालाय. आता पूर्ण झालेल्या बुरुजाकडे बघून तो कसा बांधला ते कळतं.

२७ जुलै, रविवार

आज फक्त अन्न, आणि हे मला भिंतीपेक्षा अवघड गेलं.

बहुतेक गेममध्ये शेत टाकलं की धान्य येतच राहतं. त्या काळी गव्हाचा उतारा पेरलेल्याच्या तिप्पट-चौपट इतकाच असायचा. म्हणजे एक पोतं पेरलं तर चार आली, त्यातलं एक पुढच्या पेरणीला बाजूला, दशांश चर्चला म्हणजे ०.४, उरली २.६, त्यातून गिरणीवाला आपला वाटा काढणार आणि मग जे राहील ते वर्षभर खायचं. शिवाय तीन वाफ्यांची पद्धत, एकात हिवाळी पीक, एकात उन्हाळी, एक पडीक, त्यामुळे जमिनीचा तिसरा हिस्सा दर वर्षी रिकामाच. हे सगळं जसंच्या तसं घातलं आणि माझी स्वतःची पहिली तीन गावं उपाशी मेली.

मग आकडे सैल करायच्या ऐवजी दाखवायची पद्धत बदलली. कोठारात आता सगळं धान्य एका आकड्यात दिसत नाही, खायचं वेगळं आणि बियाणं वेगळं. आजीच्या गावी, कुडाळकडे, कणगीतलं भात खायचं आणि बियाण्याचं वेगळं बांधून उंचावर ठेवायचं, आई सांगते की घरात काही नसलं तरी त्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. तसंच केलंय, बियाण्याची पोती वरच्या फळीवर, गाठ मारलेली. ती खेळणाऱ्याने स्वतः सोडल्याशिवाय खायला येत नाहीत.

कापणीच्या महिन्यात बिगारी साइट सोडून शेतावर जातात. सक्ती करता येते (एडवर्डने पण इंग्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून माणसं हुकमाने गोळा करून वेल्सला नेली होती) पण सक्ती केली तर पीक उभं राहतं आणि डिसेंबरात कळतं.

१७ ऑगस्ट, रविवार

पाऊस थांबतच नाहीये, भाची दोन दिवसांपासून आमच्याकडेच आहे, आठवीत आहे, तिला गेम दिला आणि मी काहीच न बोलता शेजारी बसलो.

पहिल्या तासात तिने चार बुरुजांचा मोठा तट आखला. सगळा एकदम. माणसं सगळीकडे पांगली, पाया सगळीकडे खोदला गेला आणि एकही भिंत गुडघ्याच्या वर गेली नाही. दुसऱ्या वर्षी बटवड्याला पैसे कमी पडले तर तिने बियाण्याची गाठ सोडून धान्य विकलं. वसंतात शेतं मोकळी. ती बराच वेळ त्या मोकळ्या शेतांकडे बघत बसली, मग म्हणाली, "मामा, मी परत सुरू करते. आधी एकच बुरूज."

दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, गाठ सोडताना कोठीवाल्याने तोंडाने सांगायला हवं की हे पेरणीचं आहे, नुसत्या चित्रावरून तिला कळलं नव्हतं. दोन, स्ट्राँगहोल्डसारखा लोकप्रियतेचा एकच आकडा ठेवला होता, ५० च्या खाली गेला की लोक जायला लागतात, तो मी आज काढला. तिने विचारलं, "४३ आहे म्हणजे नक्की कोण चिडलंय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आकडाच नाही. प्रत्येक घरावर क्लिक केलं की त्या घराची तक्रार दिसते, पगार दोन आठवडे थकला, मूल आजारी आहे, विहीर लांब पडते. काम खूप वाढलं पण दुसरा मार्ग दिसत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. मखराचं काम. आता थेट विसर्जनानंतर.

१४ सप्टेंबर, रविवार

वेढा सुरू केला. शिड्या, दरवाजा फोडायचा मेंढा, दगडफेकी यंत्र हे सगळ्या गेममध्ये असतंच, मला भुयार हवंय. १२१५ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने तिथल्याच रॉचेस्टरच्या कोटाला वेढा घातला तेव्हा त्याच्या माणसांनी मुख्य बुरुजाच्या कोपऱ्याखाली खणत नेलं, वरचा भार लाकडाच्या टेकूंवर तोलला, आणि टेकू जाळायला ४० डुकरांची चरबी मागवली, त्याचा लेखी हुकूम आहे. टेकू जळाले, कोपरा खाली आला. पुढे तो परत बांधला तो गोल, बाकीचे तीन कोपरे चौकोनीच राहिले, आजही तसंच दिसतं.

गेममध्ये भुयार असं: शत्रूचा तंबू तटाजवळ पडतो, आत काय चाललंय दिसत नाही, फक्त मातीचा ढीग वाढत जातो. तुम्ही भिंतीच्या कडेने परातीत पाणी ठेवू शकता, तरंग उठले तर खाली कोणीतरी खणतंय. मग तुमच्या बाजूने आडवं भुयार खणायचं, पण त्याला खाणीवरची माणसं लागतात, आणि त्यांचा पगार तुम्ही गेले दोन महिने थकवला असेल तर ती आत्तापर्यंत निघून गेलेली असतात. म्हणजे वेढ्याचा निकाल बराचसा वेढ्याच्या आधीच लागतो. मला हेच हवं होतं.

चौकोनी बुरुजाचा कोपरा गोलापेक्षा लवकर ढासळतो, तेवढाच फरक ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मी आणि मित्र वसईच्या किल्ल्यात जाऊन आलो. बाइकने, घोडबंदर रोडने, सकाळी सहाला निघालो म्हणून ट्रॅफिक लागला नाही. बाबांना पण यायचं होतं पण गुडघे.

वसई बघायची होती ती भुयारासाठीच. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने इथे तटाखाली सुरुंग लावून सेबॅस्टियनचा बुरूज फोडला आणि खिंडारातून आत शिरताना माणसं फार पडली, मग पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. रॉचेस्टरला टेकू आणि चरबी, इथे बारूद, मधे पाचशे वर्षं, पण भिंतीखाली आडवं होऊन खणणारा माणूस तोच. ठाण्याचा किल्ला त्याआधी दोन वर्षं, १७३७ लाच मराठ्यांकडे आला होता, आज त्यात सेंट्रल जेल आहे म्हणून आत जाता येत नाही, आणि मी लहानपणापासून त्याच्या भिंतीवरून रोज जात आलोय पण हे बांधायला किती माणसं आणि किती शनिवार लागले असतील हा विचार या वर्षी पहिल्यांदा आला.

वसईला तटाची जाडी हाताने मोजली, दगड आणि चुन्याचे सांधे जवळून बघितले. बाहेरून घडीव दगड, आत भरताड, हे मधली भिंत पडलीये तिथे स्पष्ट दिसतं. युरोपातल्या कोटांची पण हीच रीत, दोन बाजूंना चांगले दगड आणि मधे चुना-दगडगोट्यांची भर. आमच्या गेममधला तट आतून पोकळ दिसायचा. फुटल्यावर आता भर सांडते.

१९ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीत पोरांचा दिवाळीचा किल्ला. भाचीने मला मातीला लावलं, विटा, गोणपाट, वरून गाळलेली माती, आळीव पेरले. तिने पहिला प्रश्न टाकला, "पाण्याची टाकी कुठे?" गेममध्ये विहिरीवरून तिचे दोन डाव गेलेत म्हणून असेल.

मित्र परत विचारत होता की हा गेम आपल्या गडांवर का नाही. लिहून ठेवतो. डोंगरी गडाला तट सगळीकडे लागत नाही, कडाच तट असतो, जिथे चढता येतं तेवढंच बांधायचं. तिथे खरा प्रश्न पाण्याचा, कातळात टाकी खोदायची, त्यातून निघालेला दगड बांधकामाला, आणि चार महिन्यांच्या पावसावर पुढचे आठ महिने काढायचे. वर हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी, एकाच्या हातात सगळं नाही. हा पूर्ण वेगळा गेम आहे, त्याला या गेमचे कपडे घालून चालणार नाही. तो करायचाच आहे, हा नीट संपवून.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाच जणांना चालवायला दिला. दोन वर्षांचा खेळ, एक खोरं, एक वेढा. आलेल्या तक्रारी: शनिवारचं पान दर वेळी उघडतं त्याचा कंटाळा येतो (तिघांनी सांगितलं). मी ते बंद करणार नाही, पण सगळे हजर असतील आणि पैसे पुरत असतील तर एका बटणात वाटप होईल असं केलं. एकाच्या गेममध्ये बैल पहाडावर चढला, ते बघतोय. हिवाळ्यात अंधार फार, दिवे वाढवले.

बाबांनी उचल मागितली होती, म्हणजे गेममध्ये, सणाच्या किंवा कापणीच्या आधी माणसाला आगाऊ पैसे द्यायचे आणि नंतर हप्त्याने कापायचे, कारण उचल घेतलेला माणूस परत येतो. ती काल घातली. आज त्यांच्या सेव्हमध्ये बघितलं तर दुसरं वर्ष संपत आलंय, एकच बुरूज आहे तो पण छातीएवढा, ३८ माणसांची उचल चालू आहे आणि मस्टरमध्ये खाडे तीन. वेढा पुढच्या वसंतात पडणार आहे. ते विचारत होते की दोन गवंडी अजून कुठून मिळतील.

पुढच्या रविवारी: बैल, ओळंबा धरणाऱ्या गवंड्याचं अ‍ॅनिमेशन, दरवाजाचं लोखंडी जाळं खाली येण्याचा आवाज.